ॲट्राझिनचं एलायझा किट: आठ महिने वापरल्यावर

पाण्यातलं ॲट्राझिन हे तणनाशक प्रतिपिंडांच्या (ठरावीक रेणूला पकडणाऱ्या प्रथिनांच्या) मदतीनं, रंगावरून मोजणारं हे किट जूनमध्ये कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलं आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. एक वेल, म्हणजे प्लेटमधला नमुन्याचा छोटा खड्डा, गडद पिवळा झालेला बघून विद्यार्थी ओरडला, "सर, या विहिरीत भरपूर आहे!" खरं तर त्या पाण्यात काहीच नव्हतं. ॲट्राझिनचा रेणू एवढासा, रेणुभार जेमतेम 216. दोन प्रतिपिंडांना एकदम पकडता येईल एवढी जागाच त्याच्यावर नाही. म्हणून नमुन्यातलं ॲट्राझिन आणि किटमधलं एन्झाइम जोडलेलं ॲट्राझिन एकाच प्रतिपिंडासाठी झटापट करतात. रंग आणतं ते एन्झाइम, म्हणून तणनाशक जास्त, तर रंग फिका. हे अंगवळणी पडायला आठवडा गेला.

आमचे नमुने सांगलीकडच्या ऊस-मक्याच्या पट्ट्यातल्या विहिरींचे. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार ॲट्राझिन लिटरला 2 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. त्याच्या बरंच खालचंही किटला दिसतं, तेवढं आम्हाला पुरतं.

आधीचं किट सशाच्या प्रतिपिंडांवर चालायचं. ससा बदलला की प्रतिपिंडाचा स्वभाव बदलायचा आणि नव्या खोक्याशी नव्यानं ओळख करून घ्यावी लागायची. आताचं रिकॉम्बिनंट आहे. प्रतिपिंडाचा जनुकक्रम हाताशी असल्यानं जिवाणूंकडून हवं तेव्हा तेच प्रथिन बनवून घेता येतं. फेज डिस्प्लेची, म्हणजे जिवाणूंच्या विषाणूंवर प्रथिनं मांडून हवं ते निवडायची युक्ती जॉर्ज स्मिथ यांनी 1985मध्ये दाखवली, ग्रेगरी विंटर यांनी ती प्रतिपिंडांसाठी वापरली, आणि 2018च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. विक्रेत्यानं डंका पिटला तो संवेदनशीलतेचा. मला त्यात फारसा फरक जाणवला नाही. तीन खोक्यांचे वक्र (किती ॲट्राझिनला किती रंग, याचे आलेख) मात्र जवळपास एकावर एक बसले. माझ्या लेखी पैसे तिथंच वसूल झाले.

तक्रारी आहेतच. प्रत्येक वेळी प्रमाणद्रावणं (ॲट्राझिनचं प्रमाण आधीच माहीत असलेली) आणि कंट्रोल (पडताळणीचे नमुने) मिळून 14 वेल जातात. पाचच नमुने असले, तर दुबार तपासणी धरून 24 वेल संपतात आणि त्यातले आपले फक्त 10. अशानं 96 वेलच्या प्लेटमध्ये 20 नमुने होतात, एकदम लावले तर 41. त्यामुळे आता नमुने साठवूनच बसतो. पावसाळ्यातलं गढूळ पाणी न गाळता घातलं, तेव्हा आकडे उगाच फुगले. शिवाय फ्रीज बंद पडला की जीव टांगणीला! प्रतिपिंड दणकट असेलही, एन्झाइम नाजूकच.

प्रोपाझिनसारख्या, ॲट्राझिनशी मिळत्याजुळत्या रचनेच्या भाऊबंदांनाही हे प्रतिपिंड धरतं. म्हणून मर्यादेजवळचा नमुना आम्ही एलसी-एमएसला, म्हणजे रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राकडे पाठवतो. दोनदा तिथला आकडा आमच्यापेक्षा बराच कमी आला. चाळणी म्हणून किट उत्तम, पण निवाडा त्यावर करू नये.

परवा एका विहिरीचे मालक आकडा ऐकून म्हणाले, "म्हणजे पाणी चांगलं?"

"काका, ॲट्राझिन नाही एवढंच कळलं."

"आणि बांधावर ग्लायफोसेट मारलंय, त्याचं?"

ते वेगळंच तणनाशक, या किटला दिसतच नाही. त्यासाठी प्रतिपिंडही वेगळं लागतं आणि किटही.