गरुडनेचा घेतला, पण अर्धीच माहिती मिळाली (पाचपैकी तीन तारे)
भुसावळ रस्त्यावरच्या एका नर्सरीतून जूनमध्ये दीडशे रुपयांना नेच्याची कुंडी आणली. पाटीवर ‘ब्रॅकन’. नर्सरीवाले म्हणाले, “भाऊ, हा गरुडाचा नेचा. देठ कापून बघा.”

घरी बुडाजवळ आडवा, जरा तिरपा छेद दिला. ओल्या हिरवट गरात तपकिरी ठिपके-रेघा उमटल्या. गरुड म्हणे! मला तर उलटं लटकलेलं वटवाघूळ दिसलं. पण नावात खोट नाही. टेरिडियम अ‍ॅक्विलिनम हे शास्त्रीय नाव, आणि लॅटिनमध्ये ‘अ‍ॅक्विला’ म्हणजे गरुड. हा गरुड स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली चिकटवला. कोणी म्हणतं छेदातल्या नक्षीमुळे, कोणी म्हणतं पान पंखासारखं पसरतं म्हणून. मला पंखवालं पटतं. जर्मन लोकही याला गरुडनेचाच म्हणतात.

हे गुरांना विषारी असतं, ते मात्र नर्सरीत कोणी बोललं नाही. आमचा गोऱ्हा कोवळ्या, गुंडाळलेल्या पानाला तोंड लावणार तेवढ्यात आईने कुंडी उचलली. आता ती गच्चीवर, हिरव्या जाळीखाली. जळगावचा मे सोसेल असं वाटत नाही.

भाव एक रुपया कमी करत नाहीत. चहा चांगला पाजतात.