पोर्टेबल हेडफोन ॲम्प : दिवाळी ते मृग, आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी टेबलाच्या काचेवर ठेवलेला माझा हेडफोन ॲम्प, म्हणजे हेडफोनला जाणारा आवाज वाढवणारी छोटी बॅटरीवाली पेटी, बोट लागताच डुगडुगला. उलटा करून पाहिला तर पाठीचा पत्रा मधोमध उचलला गेला होता आणि एका कडेला नख शिरेल एवढी फट पडली होती. आतली लिथियम बॅटरी फुगली होती. दिवाळीत साडेआठ हजार रुपये मोजून घेतलेल्या वस्तूची सात महिन्यांत ही अवस्था झाली, म्हणून वर्षभरानंतर लिहायचे ठरवलेला अनुभव आताच लिहीत आहे. कंपनीचे नाव घेत नाही, कारण या किमतीत मिळणाऱ्या बहुतेक बॅटरीवाल्या ॲम्पची रचना सारखीच असते आणि पुढचे बहुतेक मुद्दे त्या सर्वांना लागू पडतील.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शास्त्रीय गायन ऐकणे हा माझा जुना छंद आहे, पण घरात त्यासाठी वेळ मिळतो तो रात्री साडेदहानंतर. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचे असले की यजमान रात्रीच्या विजेच्या पाळीप्रमाणे वावरात जातात, सासूबाई त्याच खोलीत झोपलेल्या असतात, आणि मग तास-दीड तास माझा असतो. हेडफोन सेनहायझरचा एचडी ६५०, ओळखीतून जुना घेतलेला, ३०० ओहमचा (ओहम हे विजेला होणाऱ्या प्रतिकाराचे माप) आणि उघड्या पाठीचा. उघड्या पाठीमुळे आवाज बाहेर झिरपतो. पहिल्याच आठवड्यात सासूबाई कूस बदलत म्हणाल्या होत्या, "काय वो माय, कोठी तरी कोणी गाऊन राह्यलं वाटते." तेव्हापासून मी अगदी हळू आवाजात ऐकते, आणि या सवयीमुळेच ॲम्पचा तो दोष सापडला ज्याबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे.

घेताना मी सगळेच घेतात तसे कागदावरचे मिलिवॅट पाहिले होते. ३२ ओहमवर ३०० मिलिवॅट हा आकडा मोठा वाटला. ३०० ओहमच्या हेडफोनला त्यातले किती मिळणार, हे गणित मात्र घेतल्यानंतर मांडले. ३२ ओहमवर ३०० मिलिवॅट म्हणजे सुमारे ३.१ व्होल्ट, तोच व्होल्टेज ३०० ओहमवर दिला तर हाती येतात जेमतेम ३२ मिलिवॅट. एचडी ६५० ला एका व्होल्टवर १०३ डेसिबल आवाज मिळतो, म्हणून ११० डेसिबलच्या शिखरालाही सव्वादोन व्होल्ट, म्हणजे साधारण १७ मिलिवॅट पुरतात. ॲम्पची ताकद पुरेशी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढी तरी ताकद मला हवी होती का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

डिसेंबरमध्ये एका रात्री आलापी ऐकताना तानपुरा डाव्या कानाकडे सरकल्यासारखा वाटला. गायकाचा आवाजही मध्यभागी राहिला नाही, डाव्या भुवईच्या वर कुठेतरी बसला. आवाज थोडा वाढवला की सगळे जागेवर येई, कमी केला की पुन्हा सरके. मला खरोखर धास्ती वाटली की उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले आहे, आणि यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे जायचे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. मग हेडफोन उलटा घातला, डावी वाटी उजव्या कानावर. तानपुरा उजवीकडे गेला. म्हणजे कान ठीक होता, दोष हेडफोनमध्ये तरी होता किंवा ॲम्पमध्ये. तोच हेडफोन जुन्या डोंगलला, म्हणजे फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या जोडणीला, लावला तर तानपुरा बरोबर मध्यभागी.

दुसऱ्या दिवशी यजमानांचा मल्टिमीटर मागून घेतला. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरसाठी त्यांनी तो घेतलेला आहे, आणि सुदैवाने तो एसी मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो. फोनवर ५० हर्ट्झचा स्वर कमाल पातळीपेक्षा वीस डेसिबल खाली ठेवून वाजवला आणि ॲम्पच्या दोन्ही वाहिन्या मोजल्या. बटण घड्याळातल्या आठच्या जागी असताना डावीकडे २१ मिलिव्होल्ट आणि उजवीकडे १५, म्हणजे जवळजवळ तीन डेसिबलचा फरक. बटण दहापर्यंत फिरवल्यावर ११८ आणि ११४, म्हणजे फरक एक तृतीयांश डेसिबलच्या आसपास, जो कानाला कळतही नाही.

कारण साधे आहे. या ॲम्पमधले आवाजाचे बटण म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन पोटेन्शिओमीटर, डाव्या-उजव्या वाहिनीसाठी एकेक. आत कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते. दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या बनवणे अवघड असते, आणि फिरण्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, जिथे प्रतिकार फार थोडा असतो, तिथे किंचित फरकही मोठा होऊन दिसतो. दिवसा मोकळेपणाने ऐकणाऱ्याला हा भाग कधी लागतच नाही. रात्री झोपलेल्या माणसाशेजारी बसून ऐकणाऱ्याचे सगळे ऐकणे मात्र याच सुरुवातीच्या भागात होते. जाहिरातीत ताकद, चिप, विकृतीचे शून्यानंतरचे आकडे सगळे असते, पण पहिल्या चतकोर फेरीत डावे-उजवे किती जुळते हे कुणीही छापत नाही, याचा मला आजही राग आहे. साडेआठ हजारांच्या वस्तूला आवाज कमी करता येऊ नये?

त्यावर उपाय सापडला, तोही फुकटात. ॲम्पवर गेनची, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारी, खटकी आहे. मी ती पहिल्या दिवसापासून 'हाय'वर ठेवली होती, कारण ३०० ओहमला हाय गेन लागतो असे सगळीकडे सांगितले जाते. ती 'लो'वर आणली आणि फोनमधल्या गाणी वाजवणाऱ्या ॲपचा आवाज पंधरा डेसिबलने खाली केला. आता तेवढाच हळू आवाज मिळायला बटण साडेदहापर्यंत फिरवावे लागते, जिथे दोन्ही वाहिन्या जुळतात. फोनमध्ये आवाज कमी केला की तपशील मरतो अशी एक समजूत आहे. पण डोंगलला २४ बिटचा संदेश जात असेल तर १६ बिटच्या रेकॉर्डिंगमधून पंधरा डेसिबल उतरवल्याने ऐकण्याजोगे काही हरवत नाही. बटणाच्या कडेला दहाच्या जागी मी पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे आणि त्याच्या खाली कधी जात नाही.

इथे माझे मत एकदा बदलले हेही नोंदवते. पहिला महिनाभर मी मैत्रिणींना सांगत होते की ॲम्पमुळे गाण्याला 'अंग' आले. नंतर त्याच मल्टिमीटरने डोंगलचा आणि ॲम्पचा आवाज सारखा करून, यजमानांना तारा बदलायला सांगून, न बघता ऐकले. मला फरक ओळखता आला नाही, दहापैकी पाच-सहा वेळा बरोबर, म्हणजे निव्वळ अंदाज. 'अंग' म्हणून जे वाटत होते तो एक-दोन डेसिबल जास्त आवाज होता. ज्या डोंगलचा बाहेर पडतानाचा प्रतिकार ओहम-दोन ओहम आहे, त्याला ३०० ओहमच्या हेडफोनचा स्वभाव बिघडवता येत नाही. तो प्रतिकार हेडफोनच्या प्रतिकाराच्या आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा हा प्रचलित नियम इथे सहज पाळला जातो. कानात घालायचे सोळा ओहमचे इअरफोन वापरणाऱ्यांनी मात्र हा आकडा जरूर पाहावा.

म्हणजे ॲम्प वायाच गेला का? फेब्रुवारीपर्यंत माझे उत्तर जवळजवळ 'हो' असे होते. मग उन्हाळा लागला. मार्चअखेरीपासून आमच्याकडे कूलर सुरू होतो, आणि वाळ्याच्या ताट्या, पाण्याची मोटार आणि पंखा यांचा मिळून जो घों-घों आवाज होतो तो उघड्या पाठीचा हेडफोन जराही अडवत नाही. त्याच्यावर वर निघायचे तर आवाज वाढवावाच लागतो. शिवाय माझ्याकडची बरीचशी गाणी कॅसेटवरून उतरवलेल्या खासगी बैठकींची आहेत; त्यांची पातळी इतकी खाली असते की माझ्या अर्ध्या व्होल्टच्या डोंगलवर आवाज शेवटपर्यंत वाढवला तरी दुपारी कूलरपुढे तानपुरा हरवतो. ॲम्पवर तोच तानपुरा पुन्हा ऐकू येतो. तेव्हा ताकदीची गरज खरी होती, फक्त ती वर्षातले तीन महिने आणि जुन्या ध्वनिमुद्रणांपुरती होती. मात्र कूलरवर मात करण्याच्या नादात कानावर किती पडते तेही पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा सरासरी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की ते तास निम्मे होतात.

आणखी एक गोष्ट गावातल्या माणसाला उपयोगी पडेल. आमच्याकडे नेटवर्कच्या दोन काड्या असतात. सिग्नल क्षीण असला की फोन स्वतः जास्त जोराने प्रक्षेपण करतो, आणि ॲम्प फोनला रबराने बांधून ठेवला तर टू-जीवर फोन येण्याआधी टर्र-टर्र असा आवाज थेट कानात घुसतो. फोन विमान मोडवर टाकला की तो थांबतो; नाहीतर वीतभर लांब तार घेऊन दोघांना वेगळे ठेवावे. तार साठ रुपयांत मिळते.

आता बॅटरी. सेवा केंद्र नागपूरला. फोनवर सांगितले की कुरिअरने पाठवा. दारव्ह्याच्या कुरिअरवाल्याने फुगलेली बॅटरी म्हणताच पार्सल घ्यायला नकार दिला, आणि त्याचे बरोबरच होते, कारण खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने नेता येत नाही. सेवा केंद्राला हे सांगितले तर उत्तर आले, "आत काय आहे ते सांगू नका." आगीचा धोका असलेली वस्तू लपवून पाठवा, असे ग्राहकाला सांगणारे सेवा केंद्र मी पहिल्यांदाच पाहिले. शेवटी ॲम्प मातीच्या कुंडीत वाळू घालून तिच्यात अंगणात ठेवला, आणि सुट्टीत तो स्टीलच्या डब्यात घेऊन एसटीने नागपूर गाठले. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे दोन खेपा परवडल्या.

तिथे कळले की उपकरणाची हमी एक वर्षाची असली तरी बॅटरीची सहाच महिन्यांची आहे. पावतीवर 'एक वर्ष' असे ठळक लिहिलेले. सहा महिन्यांचे वाक्य पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. दुरुस्तीचे एकूण सोळाशे रुपये मागितले. मी पैसे न देता परत आले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पावतीचा आणि त्या पानाचा फोटो जोडला. नवव्या दिवशी फोन आला की मजुरी माफ, बॅटरीचे नऊशे द्या. जुनी बॅटरी तुम्हीच ठेवून घेणार ना, असे मी विचारले तर आधी ती मलाच परत देऊ लागले. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, हे सांगावे लागले.

तिथल्या तंत्रज्ञाने मात्र कारण नीट समजावले. या जातीच्या बॅटऱ्या साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, आणि पूर्ण भरलेल्या स्थितीत उष्णतेत पडून राहिल्या की सर्वांत लवकर खराब होतात. माझा ॲम्प मे महिन्यात टिनाच्या छताखालच्या खोलीत, लोखंडी कपाटावर, दिवसभर चार्जरला लावलेला असे, कारण रात्री वीज जाईल ही भीती. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे असताना त्या कपाटावर किती असेल याचा विचार मी करायला हवा होता. पण ज्या यंत्रात बॅटरी भरली की तिच्याकडे जाणारा पुरवठा तोडून सरळ बाहेरच्या विजेवर चालण्याची सोय नाही, ते यंत्र विदर्भात विकताना पुस्तिकेत एक ओळ तरी हवी होती. आता मी तो पहाटे चार्ज करते, निम्म्यावर ठेवते आणि कपाटाऐवजी खालच्या कोनाड्यात ठेवते.

जूनमध्ये आमच्या शाळेतल्या एका बाईंनी माझ्याकडे विचारून बॅटरी नसलेला, फोनच्याच विजेवर चालणारा दोन व्होल्टचा डोंगल घेतला, २,९०० रुपयांना. मल्टिमीटर घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्याचा आवाज बटणांनी पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, आत घासणारी पट्टी नाही. सर्वांत खालच्या पायरीपासून वरपर्यंत मी बारा ठिकाणी मोजले. डाव्या आणि उजव्या बाजूचा आकडा प्रत्येक वेळी सारखाच आला. फोनची बॅटरी तो थोडी लवकर संपवतो, आणि दोन व्होल्ट म्हणजे माझ्या हेडफोनला १०९ डेसिबलपर्यंतचे शिखर, कूलरसुद्धा त्यात बसतो. ॲम्प विकला तर चार हजार येतील असे नागपूरच्या दुकानदाराने सांगितले आहे. नव्या बॅटरीची पावती मी त्यासाठी जपून ठेवली आहे, आणि जो घेईल त्याला बटणावरचा पांढरा ठिपका कशाचा ते आधी सांगणार आहे.