‘अबाइड’: ऑटिझमच्या मेंदू-स्कॅनचा मोफत विदासंच

ऑटिझमवर मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करायचा असेल, तर ‘अबाइड’पासूनच सुरुवात करावी. २०१२ साली खुल्या झालेल्या पहिल्या संचात १७ केंद्रांतून आलेले १११२ जणांचे एमआरआय आहेत: ५३९ ऑटिस्टिक, ५७३ तुलनेसाठी. २०१६च्या दुसऱ्या संचात आणखी १११४.

कच्च्या स्कॅनच्या नादी लागू नका, हार्ड डिस्क भरून जाते. प्रीप्रोसेस्ड (आधीच साफ करून ठेवलेल्या) आवृत्तीतून सीपॅक पाइपलाइन (स्कॅन साफ करण्याची एक ठरावीक पद्धत) आणि ‘सीसी२००’ अ‍ॅटलस (मेंदूचे २०० भाग पाडणारा नकाशा) निवडा. मग प्रत्येक व्यक्तीमागे एक छोटी मजकूर-फाइल मिळते: २०० स्तंभ, मेंदूच्या एकेका भागाचा एकेक. ओळी, म्हणजे स्कॅनमधले एकामागून एक क्षण, मात्र केंद्रागणिक बदलतात (न्यूयॉर्क विद्यापीठाच्या १७६, पिट्सबर्गच्या १९६), म्हणून मॉडेलला थेट न देता आधी कोरिलेशन मॅट्रिक्स (कोणते दोन भाग किती एकत्र चढतात-उतरतात याचा तक्ता) काढा. पायथनच्या नायलर्न या मेंदू-स्कॅनसाठीच्या लायब्ररीतून उतरवलंत तर गुणवत्तेची चाळणी आपोआप लागते आणि ८७१ जणच येतात. आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका.

माहितीच्या तक्त्यात निदानाच्या रकान्यात १ म्हणजे ऑटिझम आणि २ म्हणजे तुलनागट. ०-१ गृहीत धरलंत की सगळं बिघडतं. -९९९९ म्हणजे नोंदच नाही. ते तसंच ठेवून बुद्ध्यांकाची सरासरी काढली, तर ती उणे येते!

खरी डोकेदुखी केंद्रांची. यंत्रं वेगळी, स्कॅनची वेळ वेगळी. मॉडेल ऑटिझमऐवजी यंत्रच ओळखायला शिकतं. दर फेरीला एक अख्खं केंद्र बाजूला ठेवूनच चाचणी घ्या. मुली फार कमी आहेत आणि भारतातलं एकही केंद्र नाही, त्यामुळे इथल्या मुलांबद्दल यावरून निष्कर्ष काढू नयेत. परवाना अव्यावसायिक वापरापुरताच आहे.