हलत्या दातेरी चाकांचे संकेतस्थळ: ‘५०७ मेकॅनिकल मूव्हमेंट्स’

हेन्री टी. ब्राउन यांच्या १८६८ सालच्या ग्रंथातील यंत्ररचनांच्या अनेक स्थिर आकृत्या या संकेतस्थळावर हलताना पाहता येतात. त्यांत जेम्स वॉट यांच्या १७८१ च्या पेटंटातील सूर्य-ग्रह चक्ररचना (मधल्या दातेरी ‘सूर्य’चक्राभोवती दुसरे दातेरी ‘ग्रह’चक्र फिरते अशी रचना) मला सर्वांत मोलाची वाटते. इंजिनाच्या दांड्याला घट्ट जोडलेले ग्रहचक्र स्वतःभोवती न फिरता सूर्यचक्राभोवती एक फेरी पूर्ण करते, तेवढ्यात सारख्याच दात्यांचे सूर्यचक्र दोन फेऱ्या घेते. पाहणारा इथे हमखास थबकतो, आपली नजर चुकली असे समजून फेऱ्या पुन्हा मोजतो आणि मग कारण शोधू लागतो. त्या कुतूहलाला सोबतचा त्रोटक मजकूर पुरा पडत नाही, ही खरी उणीव आहे. सगळ्या आकृत्या हलत्या नाहीत, तरीही अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्यांनी दातेरी चाकांच्या फेऱ्यांच्या गुणोत्तराची सूत्रे पाठ करण्याआधी हे संकेतस्थळ अवश्य पाहावे.