पाच वर्षांचा मोठा काँट्रॅक्ट की दोन वर्षांचा छोटा? पोट्ट्याचे दोन कागद शेजारी ठेवून बघितले

आमच्या कामठीच्या गल्लीतला एक पोट्टा आहे, डाव्या पायाचा विंगर, पुढच्या महिन्यात अठराचा होईल. त्याच्यासमोर दोन कागद आहेत अन् त्याचे बाबा, म्हणजे आमचे काका, रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसून राहिले, कारण मी कधीकाळी नागपूरच्या लीगमधे चार सीझन राइट बॅक खेळलो. एवढीच माझी लायकी. वकील नाही, एजंट तर नाहीच नाही. पण दोन्ही कागद तीन-तीनदा वाचले, नियम शोधून बघितले, अन् कामठीत फुटबॉलवाली घरं काही कमी नाहीत, उद्या अजून कोणाच्या घरी हाच प्रश्न येईल, म्हणून लिहून काढतो.

कागद पहिला: बाहेरच्या राज्यातला मोठा क्लब, पाच वर्षं, वर्षाला १२ लाख. कागद दुसरा: छोटा क्लब, दोन वर्षं, वर्षाला ७ लाख. (आकडे थोडे गोल केलेत, कोणाचं घर उघडं पडायला नको.) काका म्हणे, "ते साठ लाख देऊन राहिले अन् तू म्हणतं थांबा? काहून बे?"

तर आधी हे साठ लाखच मोजू. कागदात पाच वर्षं लिहिलंय ते खरं, पण आत चौथ्या पानावर ते "तीन अधिक दोन" निघालं. पुढची दोन वर्षं ठेवायचं की नाही हे फक्त क्लब ठरवणार, पोट्ट्याला विचारणारसुद्धा नाही, अन् ठेवलं तर पगार तोच १२. म्हणजे पोट्टा भारी निघाला तर क्लबला तो पाच वर्षं जुन्या भावात मिळतो, अन् नाही निघाला तर तिसऱ्या वर्षी नमस्कार. पक्के पैसे ३६ लाख, साठ नाही. आमच्या राइट बॅकच्या डोक्याला हे कळायला दोन चहा लागले, पण एकदा कळलं की पुढं दोन्ही कागद वाचायची पद्धतच बदलते. वर्षं किती ते नंतर बघा, आधी बघा की त्यातल्या किती वर्षांसाठी पोट्टा बांधला जातो अन् किती वर्षांसाठी क्लब. दुसऱ्या कागदात दोन्हीकडून दोन वर्षं आहेत, १४ लाख, बस. म्हणजे तुलना साठ विरुद्ध चौदा नाही, छत्तीस विरुद्ध चौदा आहे, अन् छत्तीसवाल्यात पाच वर्षांची दोरी आहे.

आता एक गंमत. क्लबचा माणूस फार प्रेमानं म्हणाला की घाई नाही, वाढदिवस होऊ द्या, मग सही करू. काका खूश. पण फिफाचा नियम असा आहे की १८ च्या आतल्या खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा प्रोफेशनल काँट्रॅक्ट करता येत नाही, त्यावरची वर्षं धरतच नाहीत. स्पेनच्या लामिन यमालसारख्या स्टार पोराचासुद्धा २०२३ चा काँट्रॅक्ट २०२६ पर्यंतच होता, १८ चा होताना बार्सिलोनानं तो २०३१ पर्यंत नेला. आपल्याकडे तर १८७२ च्या काँट्रॅक्ट अ‍ॅक्टप्रमाणे १८ च्या आतल्या मुलाची सही धरतच नाहीत. तेव्हा ही थांबायची माया कुठून आली ते समजून घ्या.

मोठ्यांसाठी फिफाची कमाल मर्यादा पाच वर्षं, पण देशाचा कायदा परवानगी देत असेल तर जास्तही चालते, म्हणून युरोपात आठ-नऊ वर्षांचे काँट्रॅक्ट दिसतात. क्लबला एवढा लांब कागद कायला पाहिजे? एक कारण बॉसमन, म्हणजे त्या नावाच्या खेळाडूची युरोपच्या कोर्टातली केस. १९९५ च्या त्या निकालापासून मुदत संपली की खेळाडू फुकट जाऊ शकतो, एम्बाप्पे २०२४ मधे पॅरिसच्या पीएसजीतून असाच गेला, क्लबच्या हातात ट्रान्सफरचा एक छदाम नाही. मुदत जितकी शिल्लक तितका विकायचा भाव. दुसरं कारण हिशोबाचं, खेळाडूची किंमत क्लबच्या वह्यांत काँट्रॅक्टच्या वर्षांवर वाटून दाखवतात. चेल्सीनं २०२३ मधे एन्झो फर्नांडिसला १० कोटी ६८ लाख पौंडाला घेतलं अन् साडेआठ वर्षांचा कागद केला. तो खर्च साडेआठ वर्षांत वाटला की वर्षाला साधारण सव्वा कोटी पौंड दिसतो, पाचात वाटला असता तर दोन कोटींच्या वर. पुढं यूईएफएनं (युरोपची फुटबॉल संघटना) अन् इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं हे वाटप पाच वर्षांवर आणून ठेवलं. सांगायचा मुद्दा, लांब कागद म्हणजे पोरावर विश्वास असं लगेच समजू नका, बरेचदा तो अकाउंटंटचा विश्वास असते.

पण लांब कागदाला नुसत्या शिव्या घालून चालणार नाही, एका बाबतीत तो सरळ जिंकतो, ते म्हणजे दुखापत. अन्सू फाती बघा. नोव्हेंबर २०२० मधे गुडघा गेला, वय १८, ऑपरेशनवर ऑपरेशन. तरी २०२१ मधे बार्सिलोनानं त्याला २०२७ पर्यंतचा काँट्रॅक्ट दिला. नंतर ब्रायटनला लोनवर (म्हणजे काही काळापुरता दुसऱ्या क्लबकडे), मग मोनॅकोला, ती जुनी चमक काही परत आली नाही, पण कागद होता म्हणून पोरगा रस्त्यावर आला नाही. आपला भारताचा डिफेंडर अन्वर अली, २०१९ मधे हृदयाचा आजार निघाला, वय १९, देशाच्या फुटबॉल फेडरेशननं खेळणं थांबवायला सांगितलं, सगळे म्हणत होते संपलं. तो परत आला ही त्याची हिंमत, पण अशा वेळी घर कशावर चालते हो? दोन वर्षांच्या कागदात दुसऱ्या वर्षी लिगामेंट तुटलं तर बरं व्हायला सात-आठ महिने ते वर्ष, तेवढ्यात मुदत खल्लास, अन् लंगडत्या विंगरला कोण विचारते. माझाच गुडघा गेला तेव्हा माझ्या क्लबनं (नाव नको) दोन महिने फोन उचलला अन् मग उचलणं बंद केलं, एमआरआयचे पैसे आईनं भिशीतून दिले. म्हणून या रकान्यात पहिला कागद पुढं, पण एका अटीवर, की दुखापतीत पगार चालू राहील अन् ऑपरेशनचा खर्च क्लबचा हे लिहिलेलं पाहिजे. आमच्या कागदात "मेडिकली अनफिट राहिल्यास क्लब करार संपवू शकेल" अशी ओळ निघाली. मग काय उरलं? जी एक गोष्ट लांब कागदात चांगली होती तीच काढून घेतली.

खेळायला मिळण्याचं उलटं आहे. अठरा ते तेवीस या वयात मॅच खेळल्या नाही तर पोट्टा सुकते, ट्रेनिंगनं भरून निघत नाही. साउल निग्वेझनं २०१७ मधे अ‍ॅटलेटिको माद्रिदशी नऊ वर्षांचा काँट्रॅक्ट केला, २०२६ पर्यंत, तेव्हा वय २२, स्पेनमधला सगळ्यात आशेचा मिडफिल्डर म्हणत होते. मग जागा गेली, चेल्सीला लोन, सेव्हिलाला लोन, अन् २०२५ मधे मुदतीच्या आधीच ब्राझीलला फ्लेमेंगोत. जॅक रॉडवेलचं तर अजून वेगळं. २०१४ मधे सँडरलंडचा पाच वर्षांचा कागद, आठवड्याला ७० हजार पौंडाच्या आसपास म्हणून बातम्या होत्या, क्लब २०१७ अन् २०१८ असा लागोपाठ दोनदा खालच्या लीगमधे घसरला अन् हा पगार घेत बसला. पैसा मिळाला, खेळ गेला. सगळे त्याला हावरट म्हणत होते, मला नाही वाटत, कागद क्लबनंच केला होता ना.

यात एक नियमाची गोची आहे. फिफाच्या नियमात सीझनच्या १० टक्क्यांपेक्षा कमी अधिकृत मॅच खेळायला मिळाल्या तर काँट्रॅक्ट तोडता येतो, पण तो हक्क प्रस्थापित खेळाडूला. अजून तयार होत असलेल्या पोराला ते दार जवळपास बंदच. म्हणजे ज्याला बेंचवर बसवायची भीती सगळ्यात जास्त, त्यालाच ती सोय नाही. या रकान्यात दोन वर्षांचा कागद बराच पुढं.

आणि क्लब टिकला पाहिजे हे तर कोणी बोलतच नाही. २०२५ च्या जुलैत आयएसएल, म्हणजे आपल्या देशातली सगळ्यात वरची लीग, लटकली, फेडरेशन अन् लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता अन् नवा होत नव्हता, ऑगस्टमधे बेंगळुरू एफसीनं पहिल्या टीमचे अन् स्टाफचे पगार बेमुदत थांबवल्याचं जाहीर केलं, सीझन वेळेवर सुरूच झाला नाही. त्याआधी हैदराबाद एफसीतून पगार न मिळाल्यानं खेळाडू निघून गेले होते, अन् तो क्लब त्याच्या दोनच वर्षं आधी लीगचा चॅम्पियन होता. पाच वर्षांचा पगार पाच वर्षं टिकणाऱ्या क्लबकडूनच येणार ना. फिफाच्या नियमात दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन १५ दिवसांनी सुटता येते. ही ओळ दोन्ही कागदांत घालून घ्या, नियमात आहे म्हणून सोडून देऊ नका.

मधेच सोडून जायचं ठरलं तर? अन्वर अलीचंच प्रकरण परत. दिल्ली एफसीकडून मोहन बागानला लांब मुदतीच्या लोनवर होता, २०२४ मधे ते तोडून ईस्ट बंगालशी पाच वर्षांचा कागद केला. फेडरेशनच्या समितीनं त्याला चार महिने बंदी घातली अन् तो, दिल्ली एफसी, ईस्ट बंगाल मिळून मोहन बागानला १२.९ कोटी भरपाई द्यायला सांगितली. पुढं दिल्ली हायकोर्ट झालं, तो आदेश मागं घेतला गेला, तो खेळलाही. पण त्याच्यामागं मोठा क्लब उभा होता. आपल्या पोट्ट्यामागं काका अन् त्यांची बजाज डिस्कव्हर. म्हणून लांब कागद घ्यायचाच असेल तर सुटायचा आकडा, रिलीज क्लॉज, आधीच लिहून घ्या, अन् तो भरता येईल असा आकडा पाहिजे. बार्सिलोनानं फातीला लावला तसा १०० कोटी युरोचा नको, त्याला दार म्हणत नाहीत, भिंत म्हणतात.

आता नागपूरचा हिशोब, जो बाहेरच्या एजंटला कळत नाही. आपल्याकडे फुटबॉलवाल्या घराचं खरं स्वप्न रेल्वे आहे, नागपुरातल्या मोतीबागला रेल्वेच्या नोकरीत सहीचा रजिस्टर. स्पोर्ट्स कोट्यात वय १८ ते २५, अन् सर्टिफिकेट ताजं लागते, चार वर्षांपूर्वीचं चालत नाही. पाच वर्षं कुठंतरी रिझर्व्ह बेंचवर काढली, ना संतोष ट्रॉफी (राज्यांच्या टीमची राष्ट्रीय स्पर्धा) ना काही, तर तेविसाव्या वर्षी पोट्टा परत येईल तेव्हा दाखवायला जर्सी असेल, सर्टिफिकेट नसेल, अन् हातात दोन वर्षं. छोट्या क्लबकडून खेळत राहिला, महाराष्ट्राच्या टीमच्या सिलेक्शनला जायला सुट्टी मिळाली, तर हा रस्ता उघडा राहते. काकांना आकड्यांपेक्षा हेच पटकन पटलं.

एजंटचा तिसरा कागद पण निघाला, मी विचारल्यावर. त्यात होतं की एजंटशी केलेल्या कराराची मुदत संपल्यावरही आधी त्यालाच विचारायचं. श्रीरामपूरच्या झहीर खानच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं २००६ ला अशाच कलमावर सांगितलंय की मुदतीनंतरचं असं बंधन चालत नाही. तरी काढूनच टाका, कोर्टात जायला कोणाकडे वेळ आहे.

माझं मत विचारलं तर आहे त्या रूपात पहिला कागद नाही. घरात कर्ज असेल, बहिणीचं लग्न तोंडावर असेल, किंवा पोट्ट्याचा गुडघा आधीच कुरकुरत असेल तर मी लांबच घे म्हणेन, तिथं हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही. पण काकांचं तसं नाही, त्यांची नोकरी आहे, पोट्टा ठणठणीत आहे. काल आम्ही बसून क्लबला मेल लिहिला: सरळ तीन वर्षं करा, पुढची दोन ठेवायची तर दोघांच्या मर्जीनं अन् पगार वाढवून, मेडिकलची ओळ काढा, रिलीजचा आकडा टाका, सीझनला ठरलेल्या मॅच नाही मिळाल्या तर लोनवर जायचा हक्क द्या. एवढं मान्य केलं तर पहिला कागद, नाहीतर दुसरा. क्लबच्या माणसाचा लगेच फोन आला की एवढं कोणी मागत नाही हो. काकांनी स्पीकरवर टाकला होता. म्हणे, "आम्ही मागून राहिलो ना."