वायरकट घेताय? बॉलस्क्रू की लिनिअर मोटर

टूलरूमसाठी वायरकट, म्हणजे बारीक तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं मशीन, घ्यायचं म्हटलं की टेबलचा साइज आणि बजेट लवकर ठरतं, घोडं अडतं ते ड्राइव्हवर, म्हणजे टेबल सरकवणाऱ्या यंत्रणेवर. मी बॉलस्क्रू आणि लिनिअर, दोन्ही चालवली आहेत. भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये आता नवं मशीन लिनिअर मोटरचं आहे, तेव्हा माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकतो.

बॉलस्क्रूमध्ये मोटर स्क्रू फिरवते, स्क्रू नटाला सरकवतो आणि नटाबरोबर टेबल जातं. लिनिअरमध्ये ही मधली साखळीच नाही. गोल मोटर उभी चिरून सपाट पसरावी तशी रचना: खाली चुंबकांची पट्टी, वर कॉइल, मध्ये बारीकशी फट. कॉइलमधला प्रवाह बदलत गेला की चुंबकीय क्षेत्र पुढे सरकतं आणि टेबलाला सोबत नेतं. शांघायची मॅग्लेव्ह रेल्वे याच तत्त्वावर प्रवासी घेऊन ताशी ४३१ किलोमीटरपर्यंत धावली. आपल्याला वेगाशी देणंघेणं नाही, मायक्रॉनशी आहे.

माझा निर्णय झाला तो बॅकलॅशमुळे, म्हणजे दिशा बदलताना स्क्रू आणि नटामध्ये जाणवणाऱ्या ढिलाईमुळे. नव्या बॉलस्क्रूला प्रीलोड (ढिलाई राहू नये म्हणून दिलेला ताण) असतो, काही जाणवत नाही. पण वायरकटचं काम दिवसरात्र टेबलाच्या मध्यावरच चालतं. स्क्रू तेवढ्याच भागात घासतो, कडा कोऱ्या राहतात. आमच्या जुन्या मशीनवर कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे ही ढिलाई भरून काढायला मशीनला दिलेला, आकडा मधल्या भागाला जुळवला की कडेला तो जास्त व्हायचा. गोल कापताना जिथे अक्षाची दिशा बदलते तिथे पंचावर (पत्र्यातून तुकडा पाडणारा ठोकळा; तो ज्या भोकात शिरतो ती डाय) नखाला लागेल अशी रेघ यायची. अर्धा मिलिमीटर पत्र्याच्या डायला एका बाजूचा क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) २५ मायक्रॉनच्या आसपास ठेवतो आम्ही. त्यातले चार-पाच असे गेले की बर (तुकड्याच्या कडेला उरलेली धातूची धार) एकाच अंगाला येते आणि ग्राहकाचा फोन येतो. काचेची स्केल (टेबल नेमकं कुठे आहे ते मोजणारी पट्टी) लावलेलं बॉलस्क्रू मशीन बरंच सावरून घेतं, हे मान्य. तरी दिशा बदलताना आधी प्ले (तीच ढिलाई) भरून निघावा लागतो, आणि तेवढा वेळ वायर त्याच जागी स्पार्क मारत राहते. लिनिअरमध्ये घासायला स्क्रूच नाही.

बॉलस्क्रूची बाजू कमकुवत नाही. किंमत कमी, दुरुस्ती ओळखीची, स्क्रू बदलणारा माणूस पिंपरी-चिंचवडमध्ये सापडतो. लिनिअरची स्केल गेली तर मशीन उभंच. कॉइलची उष्णता बाहेर काढावी लागते, त्यामुळे चिलर आणि खोलीचं तापमान यांत काटकसर चालत नाही. उभ्या अक्षाला वजन तोलणारी सोय आणि ब्रेक हवाच, नाहीतर लाइट गेली की हेड खाली येईल. आणि व्हीएमसीवर (उभं मिलिंग मशीन) कास्ट आयर्नचं रफिंग (सुरुवातीचं जाड कापकाम) करणार असाल तर मीही बहुधा बॉलस्क्रूच घेईन. लोखंडाचा बुरादा आणि उघडे चुंबक यांचं जमत नाही.

पण बारीक पंच-डाय हेच रोजचं काम असेल, तर जास्तीचे पैसे घालावेत असं मला वाटतं. डेमोच्या कोऱ्या मशीनवर दोन्हींचा गोल सुरेखच येतो. विक्रेत्याला पाच-सात वर्षं चाललेलं मशीन दाखवायला सांगा, टेबलाच्या मध्यावर एक गोल कापून घ्या आणि तो राउंडनेस टेस्टरवर लावा.