हृदयाच्या पेट-एमआरसाठी करेक्शनचं पॅकेज: काही महिने वापरल्यानंतर

पेट-एमआर म्हणजे किरणोत्सारी औषध शरीरात कुठे जमतं ते दाखवणारं पेट आणि एमआरआय, दोन्ही एकाच मशीनवर. श्वासाच्या हालचालीचं करेक्शन आणि अ‍ॅटेन्युएशन करेक्शन (शरीरात अडलेल्या फोटॉनची भरपाई), दोन्ही सॉफ्टवेअरच्या एकाच पॅकेजमध्ये आहेत. निकाल आधीच सांगते: पहिलं झकास आहे, दुसऱ्यावर लक्ष ठेवावं लागतं.

पेटमधले 511 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे फोटॉन शरीरातून बाहेर पडताना किती अडले, हे सीटीवरून काढता येतं. एमआरला प्रोटॉन दिसतात, इलेक्ट्रॉनची घनता नाही. म्हणून डिक्सन सीक्वेन्सवरून (चरबी आणि पाणी वेगळं दाखवणारा एमआर स्कॅन) हवा, फुप्फुस, चरबी आणि मऊ ऊती असे चार गट पाडून प्रत्येकाला फोटॉन अडवण्याचा ठरलेला आकडा देतात; हाच अ‍ॅटेन्युएशनचा मॅप. मऊ ऊतींना सेंटीमीटरला साधारण 0.1, फुप्फुसाला त्याच्या पाव भागाच्या आसपास. हाडं मऊ ऊतींतच धरली जातात. हृदयापुरतं ते बहुतेक वेळा खपून जातं.

खपत नाही ती हृदय आणि फुप्फुसाची सीमा. डिक्सन श्वास रोखून वीसेक सेकंदांत उरकतो, पेट मात्र पेशंट श्वास घेत असताना कितीतरी मिनिटं चालतं. एका पेशंटमध्ये डाव्या वेंट्रिकलच्या बाजूच्या भिंतीत अपटेक (औषधाचं शोषण) ठळकपणे कमी होता, पण एमआरवर तीच भिंत नीट आकुंचन पावत होती, गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन दिल्यानंतरही स्वच्छ. पेट आणि मॅप एकावर एक ठेवले, तर भिंतीचा तुकडा मॅपवरच्या फुप्फुसात घुसलेला. श्वास सोडलेल्या अवस्थेतला दुसरा मॅप हाताशी होता. त्याच कच्च्या डेटावर तो लावला आणि डिफेक्ट गेला! पॅकेजने मात्र काहीच इशारा दिला नव्हता. तेव्हापासून रिपोर्टआधी मॅप उघडतेच.

बायपासच्या पेशंटमध्ये छातीच्या हाडातल्या तारांभोवती एमआरवर काळं भोक पडतं आणि सॉफ्टवेअर त्याला हवा समजतं. ते हाताने भरायची सोय आहे, पण ब्रश अगदीच गैरसोयीचा. अशा वेळी करेक्शन न केलेलं पेटही शेजारी उघडावं. चरबी-पाण्याची अदलाबदल मात्र मॅपवर सहज ओळखू येते.

आता कौतुक. साध्या गेटिंगमध्ये (श्वासाच्या अवस्थेनुसार डेटा वेगळा करणं) एकच अवस्था ठेवून बाकीचे काउंट, म्हणजे टिपलेले फोटॉन, फेकावे लागतात आणि प्रतिमा खरखरीत होते. इथे एमआरवरून हालचाल मोजून सगळ्या अवस्था एकाच जागी आणल्या जातात. सार्कॉइडचे (हा दाहाचा आजार हृदयातही होतो) बारीक ठिपके यात सुटे दिसतात, आधी ते नुसते धुरकट असायचे. हृदयाचे ठोके अनियमित असले तर ठोक्यांचं गेटिंग गडबडतं, श्वासाचं टिकतं. रिकन्स्ट्रक्शनला (कच्च्या डेटावरून प्रतिमा बनवायला) वेळ लागतो. घाईच्या दिवशी वैताग येतो.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. धूसरपणा कमी झाला की लहान ठिपक्यांचा एसयूव्ही (अपटेक मोजणारा आकडा) वाढतो. उपचारापूर्वीचा स्कॅन जुन्या पद्धतीचा आणि नंतरचा नव्या पद्धतीचा असेल, तर आजार वाढल्यासारखं वाटू शकतं. दोन्ही एकाच पद्धतीने पुन्हा काढावे लागतात, आणि त्याला जुना लिस्ट-मोड डेटा (स्कॅनची मूळ कच्ची नोंद) लागतो. तो जागेअभावी डिलीट व्हायचा. हृदयाच्या पेशंटपुरता आता वेगळ्या डिस्कवर ठेवतो.